उष्णतेपासून वीज: पीएचडी झाली, आता मटेरियल करत राहू की डिव्हाइसकडे वळू?

ऊबदार

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय आणि तो लांबणार आहे हे आधीच सांगते. मी थर्मोइलेक्ट्रिकवर काम करते. एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की पदार्थातून थेट वीज मिळते, मधे वाफ नाही, टर्बाइन नाही, हलणारा एकही पार्ट नाही. पीएचडी झाली, सध्या पोस्टडॉक चालू आहे आणि आता स्वतःच्या नावावर पहिलं प्रपोजल लिहायचंय. त्यात काय लिहायचं यावरून डोक्यात जे चाललंय ते इथे मांडतेय, कारण इथे कारखान्यातले, परदेशातल्या लॅबमधले, सगळेच आहेत.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. १८२१ मध्ये सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने दोन वेगळ्या धातूंची जोडणी करून एक सांधा तापवला तर शेजारची होकायंत्राची सुई हलली. त्याला ते चुंबकत्व वाटलं, प्रत्यक्षात तारेतून करंट वाहत होता. धातूंमध्ये हा परिणाम अगदी किरकोळ असतो पण सेमीकंडक्टरमध्ये बराच मोठा, बिस्मथ टेल्युराइडमध्ये दर डिग्रीमागे साधारण २०० मायक्रोव्होल्ट. असे एन (ऋण भार वाहणारे) आणि पी (धन भार वाहणारे) प्रकारचे छोटे खांब जोडीजोडीने लावत गेलं की व्होल्टेज वाढत जातं. लॅमिंग्टन रोडला मिळणारं १२७०६ नंबरचं पेल्टियर मॉड्यूल (वीज दिली की एका बाजूने गार होणारी चपटी वडी) कुणी वापरलं असेल तर त्यातले १२७ म्हणजे जोड्या आणि ०६ म्हणजे अँपिअर.

यातलं मला सगळ्यात भारी वाटणारं उदाहरण व्हॉयेजरचं. १९७७ मध्ये निघालेली दोन्ही यानं प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर सिलिकॉन-जर्मेनियमच्या खांबांतून वीज बनवतात. निघताना प्रत्येकी ४७० वॅटच्या आसपास होती, मग दरवर्षी साधारण ४ वॅट कमी होत गेली, काही प्लुटोनियम क्षीण होत गेल्यामुळे आणि काही खांब खराब होत गेल्यामुळे. पण इतक्या दशकांत तिथे कुणी मेंटेनन्सला गेलेलं नाही आणि जाऊही शकत नाही, हे एवढं एक कारण मला या विषयात खेचायला पुरेसं होतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे सगळं झेडटी नावाच्या एका आकड्याभोवती फिरतं, तो जितका मोठा तितका पदार्थ चांगला. सीबेकचा (म्हणजे दर डिग्रीमागच्या व्होल्टेजचा) वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता. म्हणजे वीज सहज जायला हवी पण उष्णता अडायला हवी, आणि जो पदार्थ वीज चांगली नेतो तो उष्णताही चांगलीच नेतो, म्हणून कित्येक दशकं हा आकडा १ च्या आसपास अडकला होता. १९९३ मध्ये हिक्स आणि ड्रेसलहाउस यांनी नॅनो आकारात तो वाढवता येईल हे गणिताने दाखवलं आणि क्षेत्रात परत जान आली. २०१४ मध्ये टिन सेलेनाइडच्या सिंगल क्रिस्टलचा २.६ आला, तोही ९२३ केल्विनला. आपल्याकडे बंगळुरूला जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेतल्या कनिष्क बिस्वास यांच्या ग्रुपने २०२१ मध्ये कॅडमियम घातलेल्या सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये २.६ दाखवला, फक्त ५७३ केल्विनला, म्हणजे ३०० डिग्री सेल्सियसला! तो पेपर आला तेव्हा मी पीएचडीत होते, आम्ही ग्रुपमध्ये बसून ओळ न ओळ वाचला होता, अजूनही माझ्या मते ते फार सुंदर काम आहे.

पण आज बाजारात जे मॉड्यूल मिळतं ते बहुतेक सगळं बिस्मथ टेल्युराइडचंच असतं, आणि तो पदार्थ यासाठी १९५४ पासून माहीत आहे. मग मधल्या सगळ्या २ आणि २.६ चं काय झालं? मला आता पटलंय की अडचण खांबाच्या टोकांना आहे. पेपरसाठी आपण नुसता पेलेट, म्हणजे पदार्थाची दाबून केलेली छोटी वडी, मोजतो. डिव्हाइस करायचं तर त्या पेलेटचे एकदोन मिलिमीटरचे खांब कापायचे, त्यांना धातू जोडायचा, तो धातू हळूहळू आत झिरपता कामा नये, हजारो वेळा तापून गार झाल्यावर सांधा तडकता कामा नये आणि सांध्याचा रेझिस्टन्स इतका कमी हवा की खांबाच्या स्वतःच्या रेझिस्टन्सपुढे तो दिसूच नये. यातलं एक बिघडलं तरी २ चा आकडा डिव्हाइसमध्ये पाऊणवर येतो. आणि या कामाचे पेपर कमी छापले जातात, जे छापले जातात ते कमी वाचले जातात, आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न झेडटी किती आला हाच असतो.

मी स्वतः मॅग्नेशियम अँटिमोनाइड-बिस्मथाइडवर काम करते. २०१६ मध्ये जपानमधून त्याचा एन प्रकार आला तेव्हापासून त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे, कारण टेल्युरियम जवळजवळ लागत नाही, डोपिंगपुरतं (गुणधर्म बदलायला मिसळायचं) चिमूटभर. टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात प्लॅटिनमइतकंच दुर्मिळ, तांबं शुद्ध करताना उरतं त्यातून मिळतं, सोलर पॅनेलवालेही तेच मागतात, वर फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टेल्युरियम आणि बिस्मथ दोन्हीच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. मॅग्नेशियमचा त्रास वेगळा आहे. ते क्वार्ट्झशी रिअ‍ॅक्शन करतं त्यामुळे नेहमीसारखं नळीत सील करून वितळवता येत नाही, ग्लोव्हबॉक्समध्ये पावडर भरायची, बॉल मिलमध्ये दळायची, मग ग्रॅफाइटच्या डायमध्ये घालून दाबून तापवायची. मॅग्नेशियम मुद्दाम थोडं जास्त घालावं लागतं कारण ते उडून जातं, कमी पडलं तर एनचा पी होतो. आणि पावसाळ्यात पॉलिश केलेला चकचकीत पेलेट टेबलावर राहिला की त्यावर राखाडी थर चढायला लागतो. मापन जे काही करायचं ते सलग उरकावं लागतं.

तर प्रश्न असा. प्रपोजलमध्ये नवीन डोपिंग करून झेडटी वाढवतो असं लिहिलं तर पास व्हायची शक्यता जास्त. मला मात्र लिहावंसं वाटतंय की याच पदार्थाचं एक पूर्ण छोटं मॉड्यूल करते, जे १५० डिग्रीच्या पाइपवर बसून एका सेन्सरला वर्षानुवर्षं वीज देईल. वीज किती, तर अर्धा वॅटसुद्धा नाही. पाइप १५० आणि हवा ३५ धरली तर मॉड्यूलवर प्रत्यक्ष ४० डिग्रीचाच फरक पडतो, बाकीचा हीट सिंक (गार बाजूची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि सांध्यांत जातो, त्यातून दीड टक्क्याच्या आसपास एफिशियन्सी मिळते. २० वॅट उष्णता गेली तर ०.३ वॅट वीज. वायरलेस सेन्सरला सरासरी काही मिलिवॅट लागतात, म्हणजे भरपूर झाली. पण "फक्त ०.३ वॅट?" असं म्हणणाऱ्यांना हे कसं पटवायचं? आणि कारखान्यात हे खरंच कुणाला हवंय का?

---

निळावंती

फार छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. एक अगदी बेसिक प्रश्न, मग गॅसच्या शेगडीवर मॉड्यूल ठेवून मोबाइल चार्ज करतात ते व्हिडिओ खरे असतात का?

---

ऊबदार

@निळावंती, धन्यवाद. तत्त्व खरंच आहे, सोव्हिएत काळात तर रॉकेलच्या कंदिलावर बसवायचा जनरेटर मिळायचा आणि त्यावर रेडिओ चालायचा. पण कृपया साधं पेल्टियर मॉड्यूल शेगडीवर ठेवू नका. ते गार करण्यासाठी बनवलेलं असतं, त्यातलं सोल्डर बऱ्याचदा १३८ डिग्रीलाच वितळणारं असतं, थोड्या वेळात आतले खांब सुटतात. जनरेटरसाठीची वेगळी मॉड्यूल मिळतात, आणि त्यालाही वरून पाणी किंवा मोठा हीट सिंक लागतोच.

---

दिवेआगर

माझं मत थोडं विरोधात आहे, राग नसावा. मी सिमेंट प्लांटच्या प्रोजेक्टवर काम केलंय. तिथे किल्न (भट्टी) आणि कूलरच्या गरम हवेवर बॉयलर लावून वाफ करतात आणि टर्बाइन चालवतात, अनेक मेगावॅट निघतात, हे आता भारतात बऱ्याच प्लांटना आहे. त्याच्याहून कमी तापमान असेल तर ऑरगॅनिक रँकिन सायकल आहे, म्हणजे पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवावर टर्बाइन. पाच टक्केवाल्या थर्मोइलेक्ट्रिकला तिथे कोण विचारणार? वेस्ट हीटचे मोठमोठे आकडे दाखवून दरवेळी प्रपोजल लिहिली जातात आणि हाती काही लागत नाही, टॅक्सपेअरचा पैसा आहे.

---

ऊबदार

@दिवेआगर, राग कसला, मला हे शंभर टक्के मान्य आहे आणि म्हणूनच तर धागा काढला. जिथे मेगावॅट आहेत तिथे वाफेचं टर्बाइनच योग्य, त्यात थर्मोइलेक्ट्रिकने पडूच नये. पण टर्बाइन लहान करत गेलं की गळती आणि घर्षण त्याला खाऊन टाकतात, एका वॅटचं टर्बाइन कुणी बनवत नाही. थर्मोइलेक्ट्रिकचं तसं नाही, एक जोडी असो की हजार, टक्केवारी तीच राहते. त्यामुळे आपली जागा एका वॅटच्या खाली आहे, आणि तिथे स्पर्धा टर्बाइनशी नसून बॅटरीशी आहे. देशात इतकी उष्णता वाया जाते म्हणून माझ्या पेलेटला पैसे द्या, हे वाक्य मी प्रपोजलमध्ये लिहिणार नाही.

---

बॉयलरवाला

मॅडम, मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लिहायला बसलो. हवंय का, तर हो, हवंय, पण सगळीकडे नाही. बॉयलरच्या जवळ आणि कंट्रोल रूममध्ये वायरिंग आहेच, तिथे तुमचं काही काम नाही. आमची खरी डोकेदुखी बॉयलिंग हाऊसमधले स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून साचलेलं पाणी तेवढं बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. ट्रॅप उघडा अडकला की वाफ सरळ वाया जाते आणि बंद अडकला की पाणी साचतं, आणि हे बाहेरून चट्कन कळत नाही. हंगामात गाळप चोवीस तास चालू, माणूस फिरून फिरून किती ट्रॅपना हात लावणार. प्रत्येकाला वायर ओढायची म्हणजे केबल ट्रे, कंड्युट, परत ते गरम पाइपशेजारून. वायरलेस सेन्सरची ट्रायल आमच्याकडे घेतली होती, पण पाइपला चिकटून बसवलेल्या सेन्सरची बॅटरी हंगाम संपेपर्यंतही टिकली नाही, आणि बदलायची म्हणजे शिडी लावून वर चढा. उष्णता जिथे जास्त तिथेच बॅटरी लवकर मरते. तिथे तुमचं यंत्र बसलं तर सोनं.

पण एक सांगतो. तुमच्या हीट सिंकच्या पट्ट्यांमध्ये भुसा बसणार. बगॅसिलो, म्हणजे उसाच्या चिपाडाचा भुसा, इतका बारीक असतो की हवेत तरंगत असतो, त्यात साखरेची वाफ आणि रसाचे तुषार, आठपंधरा दिवसांत पट्ट्यांच्या मधे चिकट तपकिरी लगदा होतो. मोटरच्या कुलिंग फिन आम्ही हंगामात खरवडून काढतो. आणि तो लगदा वाळला की गरम ठिकाणी पेटायची पण भीती असते.

---

ऊबदार

@बॉयलरवाला, सर, हे मला कुठल्याच पेपरमध्ये मिळालं नसतं, मनापासून आभार. गार बाजूच सगळ्यात अवघड आहे हे गणितात दिसतं, पण पट्ट्या बुजल्या तर काय हा विचार आमच्या सिम्युलेशनमध्ये कुठेच नाही, आम्ही स्वच्छ हवा धरतो. मग पट्ट्यांमधलं अंतर खूप मोठं ठेवावं लागेल, उभ्या आणि रुंद पट्ट्या, म्हणजे हात घालून पुसता येतील, एरिया कमी होईल पण चालेल कारण आपल्याला ०.३ वॅट लागतच नाही, ५० मिलिवॅट पुरे. दोन प्रश्न: ट्रॅपजवळ पाइपच्या पृष्ठभागाचं तापमान किती असतं? आणि लॅगिंग (पाइपवरचं उष्णता अडवणारं आवरण) काढून बसवायला परवानगी मिळेल का?

---

राईनकाठी

छान चर्चा. मी जर्मनीत आहे, याच विषयात. इथे ड्रेसडेनला आयएफडब्ल्यू या संशोधन संस्थेत मॅग्नेशियमवर आधारित मॉड्यूलवर चांगलं काम झालंय, एन बाजूला मॅग्नेशियम अँटिमोनाइड-बिस्मथाइड आणि पी बाजूला मॅग्नेशियम सिल्व्हर अँटिमोनाइड, ते पेपर तू वाचले असशीलच. त्यामुळे "पहिलं मॉड्यूल" असा दावा करू नकोस, पण टिकाऊपणावर, दमट हवेत काय होतं यावर, फारच कमी डेटा आहे. तुला पावसाळा फुकट मिळालाय, त्याचा उपयोग कर! इथल्या लॅबमध्ये ८५ टक्के ह्युमिडिटीसाठी चेंबर चालवावा लागतो.

दुसरं, कॉन्टॅक्टबद्दल, म्हणजे खांबाच्या टोकाला जोडायच्या धातूबद्दल. बिस्मथ टेल्युराइडला निकेल चालतं, मॅग्नेशियम अँटिमोनाइडला बरेच जण लोखंड वापरतात, पावडरबरोबरच डायमध्ये खाली-वर लोखंडाची पावडर घालून एकाच वेळी दाबतात. तिथून सुरुवात कर. आणि कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मोजायला स्कॅनिंग प्रोब स्वतः बांध, महागडं मशीन लागत नाही, एक सुई, एक मायक्रोमीटर स्टेज आणि चांगला नॅनोव्होल्टमीटर. हे सगळं तुझ्या हातचं आहे.

तिसरं, थोडं कडू आहे. मटेरियलचं काम पूर्ण सोडू नकोस. परमनंट जागा मिळेपर्यंत सिलेक्शन कमिटी जे मोजते ते मोजणारच, हे तिकडेही तसंच आणि इकडेही तसंच. मी माझ्याबरोबरचे फार हुशार डिव्हाइसवाले क्षेत्र सोडून जाताना बघितलेत.

---

ऊबदार

@राईनकाठी, दादा, लोखंडाचा मुद्दा बरोबर, आमच्याकडे तेच चालू आहे, आणि दमट हवेचं तुम्ही म्हणालात ते ऐकून एकदम उजेड पडला. ज्या गोष्टीचा मी वर त्रास म्हणून उल्लेख केला तेच प्रपोजलचं हृदय होऊ शकतं. कोटिंग असलेले आणि नसलेले खांब, जून ते सप्टेंबर, उघड्या शेडमध्ये, दर आठवड्याला रेझिस्टन्स.

तिसऱ्या मुद्द्यावर मी अर्धी सहमत आहे. एक गोष्ट मला फार लागते. झेडटी मोजताना सीबेक, वाहकता, डिफ्युजिव्हिटी, स्पेसिफिक हीट, घनता असे पाच वेगळे आकडे येतात आणि प्रत्येकाची चूक एकत्र धरली तर १५-२० टक्के सहज होते. म्हणजे १.५ आणि १.७ मध्ये फरक आहे असं ठामपणे म्हणताच येत नाही, तरी त्यावर पेपर होतात, करिअर होतात. डिव्हाइसला असं करता येत नाही. तारा जोडल्या, मीटर लावला, वॅट दिसले की दिसले. मला म्हणून तो रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो. माझ्या मते ज्युनिअर लोकांनीच हे केलं पाहिजे, सिनिअर झाल्यावर कुणी सोल्डरिंग स्टेशनवर बसत नाही.

---

विदर्भ_४५

अंगावरच्या उष्णतेवर चालणारं घड्याळ पण असतं ना? नागपूरच्या मे महिन्यात चालेल का ते?

---

ऊबदार

@विदर्भ_४५, असतं, सेइकोने १९९८ मध्ये काढलं होतं. पण त्याला लागतो फरक. मनगट ३३ आणि खोली २३ असेल तर मजेत चालतं. हवा ३३ ला पोचली की वीज शून्य. आणि नागपुरात ४५ झालं की उष्णता उलटी वाहते, हवेकडून मनगटाकडे, व्होल्टेजही उलटं होतं. दोन्ही दिशांचं व्होल्टेज चालणारी कन्व्हर्टर चिप मिळते, तिच्याने ४५ लाही थोडी वीज काढता येईल. अडचण सकाळ-संध्याकाळची, जेव्हा हवा आणि त्वचा सारखीच असते, तेव्हा साठवलेल्या चार्जवर काढावं लागतं. भारतासाठी वेअरेबल करायचं तर हे गणित वेगळंच मांडावं लागेल, थंड देशातल्या पेपरमधले आकडे इथे उचलून चालत नाहीत.

---

निळावंती

आणि चांद्रयानात व्हॉयेजरसारखं होतं का?

---

राईनकाठी

@निळावंती, चांद्रयान-३ च्या प्रोपल्शन मॉड्यूलवर रेडिओआयसोटोप हीटर होते, पण ते ऊब द्यायचे, वीज नाही बनवायचे. विक्रम लँडरवर तेही नव्हते, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्राची रात्र झाल्यावर तो परत उठला नाही. तिथे रात्र काढायची तर हीच विद्या लागणार.

---

एमएस्सी_जळगाव

ताई, मी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नेटची तयारी चालू आहे. घरून विचारतात की पीएचडी करून पोट भरेल का. तुमचा धागा वाचून याच विषयात यावंसं वाटतंय पण आमच्या कॉलेजात यातलं एकही मशीन नाही.

---

ऊबदार

@एमएस्सी_जळगाव, जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि सीनिअर झाल्यावर ४२ हजार, वर घरभाडं. एकट्याचं भागतं. मात्र पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून घराचा हप्ता लावू नकोस, तीनचार महिन्यांचा खर्च बाजूला असू दे, घरच्यांनाही हे आधीच मोकळेपणाने सांग. मशीन नसेल तरी सुरुवात करता येते. एक पेल्टियर मॉड्यूल, दोन थर्मोकपल, एक मल्टिमीटर, एका बाजूला गरम पाण्याचा डबा आणि दुसऱ्या बाजूला बर्फ. दर डिग्रीमागे व्होल्टेज किती येतं ते ग्राफवर काढ, १२७ जोड्यांच्या मॉड्यूलला ०.०५ व्होल्टच्या आसपास यायला हवं. कमी येईल. का कमी येतं ते शोधत बसलास की सांध्यातला तापमानाचा उतार म्हणजे काय हे कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्कं कळेल. ग्राफ काढलास की मला व्यक्तिगत निरोप कर, नक्की बघेन.

---

दिवेआगर

बॉयलरवाला यांचा प्रतिसाद वाचून माझं मत बदललं. बॅटरीशी स्पर्धा हे पटलं. प्रपोजलमध्ये एक कोष्टक टाका: एका ट्रॅपला वायर ओढायचा खर्च, पाच वर्षांच्या बॅटरी आणि मजुरीचा खर्च आणि तुमच्या मॉड्यूलचा खर्च. कमिटीत एक जरी इंडस्ट्रीवाला असेल तर तो तेवढं पानच वाचेल.

---

बॉयलरवाला

मॅडम, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. एक्झॉस्ट स्टीमच्या (टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेच्या) लाइनवर पृष्ठभाग ११० ते १२० धरा, तुम्ही १५० धरलंय ते आमच्याकडे फक्त लाइव्ह स्टीमच्या (बॉयलरमधून थेट आलेल्या वाफेच्या) ट्रॅपला मिळेल, तिथे अजून जास्तच. हिशोब दोन्हीवर करा. लॅगिंगचं म्हणाल तर ट्रॅपच्या आधीचा वीतभर पाइप बऱ्याच ठिकाणी उघडाच असतो, परवानगीचा प्रश्न येत नाही. पण पाइपला ड्रिल किंवा वेल्डिंग अजिबात चालणार नाही, क्लँप करूनच बसवावं लागेल, आणि क्लँप पाना एक घेऊन हातमोजे घालून आवळता आला पाहिजे. व्हायब्रेशन पण असतं.

चीफ इंजिनिअर साहेबांशी बोलतो, ते अशा गोष्टींना नाही म्हणत नाहीत. गाळप सुरू झाल्यावर गडबड असते, तुम्ही ऑफ सीझनला या, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तेव्हा सगळं उघडलेलं असतं, मापं घेता येतील. तोवर दोन इंची आणि दीड इंची पाइपचे बाहेरचे व्यास आणि ट्रॅपचे फोटो उद्याच्या शिफ्टला काढून पाठवतो. फोटोत मोजपट्टी धरू का?

---

ऊबदार

@बॉयलरवाला, हो सर, मोजपट्टी धराच, आणि जमलं तर मोटरच्या फिनवरून खरवडलेला तो लगदा थोडासा डबीत भरून ठेवा. तो किती उष्णता अडवतो ते इथे लॅबमध्ये मोजते.